कायद्याच्या दाराला मे महिन्यात कुलूप

कोकणातल्या एखाद्या दिवाणी वकिलाला विचारा, वर्षातला सगळ्यात धावपळीचा महिना कोणता. कोर्टाच्या कॅलेंडरवर मे महिना सुट्टीचा असतो. दिवाणी कोर्टं बंद, रिमांड आणि जामिनापुरतं काम, बार रूम ओस. ऑफिसात मात्र बसायला जागा नसते. आंबा उतरवायला, लग्नकार्याला, देवाच्या वार्षिकाला म्हणून मुंबईकर गावी आलेले असतात आणि वर्षभर फोनवर धुमसत राहिलेला जमिनीचा विषय पडवीत बसल्यावर निघतो. सातबारावर बावीस नावं, त्यातली नऊ माणसं वारलेली, एक चुलता बोरिवलीला, एक नालासोपाऱ्याला, बहिणींची नावं कधी लागलीच नाहीत. या लोकांना पंधरा दिवसांत सल्ला हवा असतो. मृग लागायच्या आत आणि परतीच्या तिकिटाच्या आत.

याच महिन्यात कायदा शिकणारी मुलं माझ्याकडे इंटर्नशिपला येतात. आणि याच महिन्यात, सत्र संपलं म्हणून, कॉलेजनं त्यांना दिलेलं कायदेविषयक डेटाबेसचं लॉगिन बंद झालेलं असतं. पुढे दोन-तीन वर्षांनी पदवी हातात पडते तेव्हा तेच लॉगिन कायमचं बंद होतं. ही बाब तांत्रिक वाटते, ग्रंथपालानं बघायची वाटते. पण ज्यांना कोर्टात न्याय मागायचा आहे, त्यांच्याशी तिचा थेट संबंध आहे.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट सांगतो. गुहागर तालुक्यातली एक मुलगी माझ्याकडे होती. शिकायला घाटावरच्या एका मोठ्या शहरात, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षाला. तिच्या तिसऱ्या दिवशी एक कुटुंब आलं. वडील १९९८ साली वारलेले. दोन भाऊ, तीन बहिणी. भावांनी १९९९ साली तहसीलदारांकडून वाटप करून घेतलं, फेरफार झाला, सातबारे वेगळे झाले, बहिणींची नावं कुठेच नाहीत. थोरल्या बहिणीचं लग्न १९८९ सालचं, धाकटीचं २००१ सालचं. आता कलमांच्या बागेला गिऱ्हाईक आलं होतं. थोरली म्हणाली, "वकीलसाहेब, आमचा हक्क गेला का ओ? स्पष्ट काय ते सांगा."

याचं ठळक उत्तर कायद्याच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही येतं. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६ मध्ये ९ सप्टेंबर २००५ पासून दुरुस्ती झाली आणि मुलगी मुलासारखीच जन्मानं सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच वाटेकरी, ठरली. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं प्रकाश विरुद्ध फुलवती या निकालात म्हटलं की त्या तारखेला वडील हयात हवेत. २०१८ साली दनम्मा प्रकरणात वडील २००१ मध्येच वारलेले असूनही मुलींना वाटा मिळाला. दोन निकालांचा मेळ बसेना. शेवटी ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं फुलवतीचा निकाल मोडीत काढला. हक्क जन्मानं येतो, वडील त्या दिवशी हयात होते की नव्हते याला महत्त्व नाही.

इथपर्यंत सोपं. पण त्या कुटुंबाचा प्रश्न याच्या पुढे सुरू होत होता. २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेलं वाटप या दुरुस्तीनं अबाधित ठेवलं आहे, आणि वाटप म्हणजे नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं झालेलं, असंही कायदाच सांगतो. तोंडी वाटपाचा बचाव सहसा मान्य करू नये असं विनीता शर्मा निकालात म्हटलं आहे. अपवाद ठेवला तो सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार असेल तेव्हाचा. मग तहसीलदारांच्या आदेशानं झालेलं आणि फेरफारात चढलेलं वाटप यात कुठे बसतं? त्यात महाराष्ट्रानं १९९४ सालीच स्वतःची दुरुस्ती केली होती, २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. म्हणजे १९८९ ची थोरली आणि २००१ ची धाकटी यांची बाजू सुरुवातीला वेगवेगळी मांडून बघावी लागते. शिवाय जमिनीतला एक तुकडा कुळकायद्याच्या कलम ३२ग खाली, म्हणजे कुळाला मालक करणाऱ्या तरतुदीनं, आजोबांच्या नावावर झालेला. कोकणातली जमीन अशीच असते. तिच्यावर खोतीचा, १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याचा, कुळकायद्याचा, मुंबईला गेलेल्या पिढ्यांचा असे थर बसलेले असतात, आणि प्रत्येक थराचे निकाल वेगळे.

मुलगी हुशार होती. ती म्हणाली, "सर, मला अर्धा तास द्या. विनीता शर्मा उघडते, तो निकाल पुढे कुठे कुठे वापरला गेला त्याची यादी काढते, मुंबई उच्च न्यायालय निवडते आणि त्यात फेरफार नि तोंडी वाटप शोधते." कामाची दिशा अगदी बरोबर होती. तिनं मोबाइलवर लॉगिन टाकलं, तर मुदत संपल्याचा निरोप. कॉलेजच्या ग्रंथालयात फोन केला, तर उत्तर मिळालं की सुट्टीत फक्त कॅम्पसवरच्या संगणकावर बघता येईल. गुहागरहून ते कॅम्पस रात्रभराच्या प्रवासावर. माझ्याकडे एकाच जर्नलची वर्गणी आहे, तीही एका संगणकापुरती. रोज संध्याकाळी पक्षकार गेल्यावर ती माझ्या खुर्चीत बसायची, आणि अर्ध्या तासाचं काम तिनं चार दिवसांत केलं. ते कुटुंब तोवर मुंबईला परतलं होतं. उरलेलं सगळं फोनवर.

डेटाबेस म्हणजे निकालांचा साठा, एवढंच बाहेरच्या माणसाला वाटतं. निकालांचा साठा आता फुकटही मिळतो, आणि ही या देशात झालेली फार चांगली गोष्ट आहे. प्रताधिकार कायदा, १९५७ मधलं कलम ५२ न्यायालयाचा निकाल छापण्याची मोकळीक देतं. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २००७ मध्ये स्पष्ट केलं की निकालाची मूळ संहिता सगळ्यांची आहे. प्रकाशकानं स्वतःची बुद्धी घालून जे संपादन केलं असेल, तेवढ्यावर त्याचा हक्क. २००८ पासून इंडियन कानून हे संकेतस्थळ चालू आहे. माझ्या पिढीला एआयआरचे, म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर या निकालमालिकेचे, जाड खंड एकेक करून उतरवावे लागत, तिथं आज मोबाइलवर निकाल उघडतो. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ई-एससीआर सुरू केलं, आपला अधिकृत निकालसंग्रह सगळ्यांना विनामूल्य खुला केला, पुढे तटस्थ सायटेशन, म्हणजे कुठल्याही प्रकाशकावर अवलंबून नसलेला निकालाचा क्रमांक, सुरू केलं, आणि काही निकाल मराठीतही येऊ लागले. हे ज्यांनी केलं त्यांचे उपकार खेड्यातला वकील विसरणार नाही.

पण निकाल वाचायला मिळणं निराळं आणि तो आज जिवंत आहे की नाही हे कळणं निराळं. फुलवतीचा निकाल आजही शब्दन् शब्द वाचता येतो. वाचणाऱ्याला तो पूर्ण पटेल, इतक्या व्यवस्थित लिहिलेला आहे. तो २०२० साली मोडीत निघाला, हे त्याच्या पानांत कुठेच असणार नाही. ते बाहेरून कुणीतरी सांगावं लागतं. चांगला डेटाबेस नेमकं हेच करतो. हा निकाल पुढे कुणी मानला, कुणी आपल्या प्रकरणाला लागू नाही म्हणून बाजूला ठेवला, कुणी फिरवला, मोठ्या पीठाकडे गेला का, त्या कलमात राज्याची दुरुस्ती आहे का, हे सगळं प्रशिक्षित माणसं वाचून-वाचून नोंदवतात. ते कष्टाचं काम आहे आणि त्याचे पैसे मागणं रास्त आहे. कुलूप लागतं ते या नोंदींना, आणि वकिलीत चूक होते तीही याच नोंदी न पाहिल्यानं.

ही चूक किती मोठी होऊ शकते याचा दाखला जुना नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात घटनाबाह्य ठरवलं. जुलै २०२१ मध्ये, म्हणजे सहा वर्षांनी, त्याच न्यायालयापुढे आलं की या मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवणं चालूच आहे. न्यायमूर्तींना धक्का बसला. पुस्तकात ते कलम अजून छापलेलं आहे आणि ते रद्द झाल्याचं फक्त तळटीपेत आहे, असं त्यांना सांगण्यात आलं. तळटीप न वाचल्यामुळे किती जणांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या असतील! तालुक्याच्या कोर्टात अशा आरोपीच्या बाजूनं पहिल्यांदा उभा राहतो तो बहुतेक वेळा नवा वकीलच. त्याला तळटीप दिसायला हवी.

आता सुट्टीबद्दल. विद्यार्थ्यांना सुट्टीत संशोधनाचं काय काम, असा प्रश्न एका संस्थाचालकांनी मला मनापासून विचारला होता. त्याचं उत्तर वकिलीचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्याच २००८ च्या कायदेशिक्षण नियमांत आहे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप सक्तीची आहे. ती सत्र चालू असताना होत नाही, सुट्टीतच होते. म्हणजे नियमानंच मुलाला मे महिन्यात वकिलाच्या ऑफिसात पाठवायचं आणि तिथं ज्या हत्याराची गरज आहे ते कॉलेजच्या फाटकावर काढून घ्यायचं. याच नियमांमध्ये लॉ कॉलेजच्या ग्रंथालयात एससीसी (सुप्रीम कोर्ट केसेस), क्रिमिनल लॉ जर्नल वगैरे निकालमालिकांचे किमान दहा वर्षांचे मागचे खंड हवेत असं लिहिलेलं आहे. ते नियम कपाटांच्या काळातल्या कल्पनेनं लिहिले गेले. कपाट कॅम्पसवरच राहणार, हे समजण्यासारखं आहे. लॉगिनला कॅम्पसवर बसून राहायचं काहीच कारण नाही.

मोठ्या शहरातल्या मुलाला हे तितकं जाणवत नाही. त्याची इंटर्नशिप फर्ममध्ये, फर्मची स्वतःची वर्गणी. नाहीच तर कॉलेज लोकलच्या चार स्टेशनांवर. दापोली, देवरुख, लांजा, देवगड, वेंगुर्ला इथल्या मुलांना यातलं काहीच नाही. सुट्टीत शहरात खोली घेऊन, बिनपगारी इंटर्नशिप करणं ज्यांना परवडत नाही, तीच मुलं गावी येऊन जिल्ह्याच्या वकिलाकडे बसतात. लॉगिन कॅम्पसला बांधलं की त्याचा सगळा भार याच मुलांवर पडतो.

पदवीनंतरचा काळ तर याहून अवघड. परीक्षेचा निकाल लागतो, लॉगिन जातं, आणि मग सनदेचा, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा, अर्ज. सनद मिळाली की ती सुरुवातीला तात्पुरती असते. दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या प्रत्यक्ष वकिलीची अट पुन्हा आणली. म्हणजे न्यायाधीश व्हायचं स्वप्न असलेली कोकणातली मुलगीही आता आधी तीन वर्षं कुणाची तरी ज्युनिअर असणार. त्या तीन वर्षांत तिची मिळकत किती? बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये शिफारस केली की ज्युनिअरला शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं. शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या ठिकाणचे अनेक सिनिअर स्वतःच महिन्याकाठी किती मिळवतात हे मी जवळून पाहिलं आहे, त्यामुळे त्यांना दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. पण ज्या ज्युनिअरला बसच्या पासचे पैसे मोजून ठेवावे लागतात, तिनं हजारांच्या घरातली वार्षिक वर्गणी कुठून भरायची?

सनदेचं शुल्कच बघा. वेगवेगळ्या राज्यांच्या बार कौन्सिल हजारो रुपये घेत होत्या. ३० जुलै २०२४ रोजी गौरव कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वकील अधिनियमात लिहिलंय त्याहून एक पैसा जास्त घेता येणार नाही. सर्वसाधारण गटाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये. गरीब आणि वंचित घरांतून येणाऱ्यांच्या वाटेत शुल्काची भिंत उभी करणं समानतेच्या विरुद्ध आहे, हे त्या निकालाचं मर्म. ती भिंत पडली. पण सनद घेऊन आत आल्यावर पुढे दुसरी भिंत आहे, आणि तिच्याबद्दल कुणी याचिका केलेली नाही.

ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं फिरतं पीठ कोल्हापुरात सुरू झालं, आणि रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आले. आता आंबा घाट चढला की उच्च न्यायालय. ऑक्टोबरमध्ये बाबासाहेबांचं मूळ गाव ज्या तालुक्यात आहे, त्या मंडणगडला तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते न्यायालयाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. दोन्ही गोष्टींचा मला मनापासून आनंद झाला. पूर्वी जिल्ह्यात हरलेल्या माणसाचं अपील मुंबईच्या वकिलाकडे जायचं. आता इथला तरुण वकील स्वतः जाऊन उभा राहू शकतो. मात्र त्याच्यासमोर प्रतिवादीचा वकील तीन डेटाबेस उघडून, गेल्या आठवड्यातले निकाल काढून उभा असेल आणि याच्या हातात कॉलेजमधल्या नोट्स असतील, तर अंतर कमी होऊन काय उपयोग? त्यात १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले. त्यावरचे उच्च न्यायालयांचे निकाल सतत येत आहेत. कपाटातली जुनी पुस्तकं उद्याच्या जामीन अर्जाला पुरी पडत नाहीत.

मग ही मुलं काय करतात? माझ्या डोळ्यांदेखत काय करतात ते सांगतो. एकाचं लॉगिन पाच जण वापरतात. कुणी मित्राला मेसेज करून निकालाचे फोटो मागवतात. आणि अलीकडे बरीच जण सरळ चॅटबॉटला विचारतात. तो नम्रपणे, आत्मविश्वासानं, पक्षकारांच्या नावासकट, वर्ष आणि पृष्ठक्रमांकासह निकाल सांगतो, आणि तो निकाल कधी झालेलाच नसतो. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात २०२३ साली मॅटा विरुद्ध एव्हियान्का प्रकरणात असे सहा बनावट निकाल दाखल झाले आणि संबंधित वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला. माझ्याकडच्या एका ज्युनिअरनं आणलेल्या टिपणात असा एक निकाल होता. तो आम्हाला सापडेना, कारण तो नव्हताच. मुलगा प्रामाणिक होता. पडताळून पाहायला त्याच्याकडे काही साधन नव्हतं. या वयात लागलेली सवय पुढे चाळीस वर्षं टिकते, म्हणून मला त्याची जास्त काळजी वाटते.

कंपन्यांची बाजू मला समजते. शैक्षणिक दर कमी असतो तो शिक्षणासाठी. त्याच लॉगिनवर विद्यार्थी सुट्टीत सिनिअरचं धंद्याचं काम करू लागला, तर सिनिअर स्वतः वर्गणी कशाला भरेल? ही भीती खोटी नाही. अमेरिकेतही वेस्टलॉ आणि लेक्सिस या कंपन्या पूर्वी उन्हाळ्यातला वापर अभ्यासापुरताच ठेवायच्या, फर्मच्या कामाला मनाई असायची. पण तिथं दार बंद करणं हा त्यावरचा उपाय ठरला नाही. पदवीनंतरही काही महिने विद्यार्थ्याचं खातं चालू ठेवायची पद्धत तिथं रुळली, बार परीक्षेची तयारी आणि नोकरीचे पहिले महिने त्यात निघावेत म्हणून. कंपन्यांनी हे धर्मादाय म्हणून केलं नाही. ज्या डेटाबेसवर हात बसला तोच माणूस पुढे स्वतःच्या पैशानं घेतो, हे त्यांना ठाऊक आहे. आपल्याकडच्या कंपन्यांनाही ते ठाऊक आहे. महिन्याला ठराविक तास, ठराविक डाउनलोड, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचं खातं अशी मर्यादा घातली तर धंद्याचा गैरवापर आपोआप आटोक्यात राहतो. माझ्यासारख्या सिनिअरनं इंटर्नच्या लॉगिनवर स्वतःचं ऑफिस चालवू नये, हे मात्र आम्ही वकिलांनीही पाळायला हवं.

सरकारकडे बघावं तर एक राष्ट्र एक सदस्यत्व ही योजना आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं मंजूर केली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. विचार उत्तम आहे. पण ती सरकारी संस्थांसाठी आहे, आणि कोकणातली लॉ कॉलेजं खासगी शिक्षणसंस्थांनी चालवलेली आहेत. शिवाय त्या यादीत प्रामुख्यानं विज्ञान, वैद्यक, समाजशास्त्रांची आंतरराष्ट्रीय नियतकालिकं आहेत. भारतीय निकालांचे डेटाबेस त्यात नाहीत. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला शोधनिबंध लागतो तसा कायद्याच्या विद्यार्थ्याला निकालाचा मागोवा लागतो, हे योजना आखणाऱ्यांना पुढच्या टप्प्यात सांगायला हवं. निदान मुंबई विद्यापीठानं आपल्या संलग्न लॉ कॉलेजांच्या वतीनं एकत्र वाटाघाट केली, तर दीडशे-दोनशे मुलांच्या कॉलेजला एकट्यानं मिळतो त्याहून बरा दर नक्की मिळेल.

मला सगळ्यात जास्त भरवसा वाटतो तो कॅनडातल्या मार्गाचा. तिथल्या वकिलांच्या नियामक संस्थांनी मिळून कॅनली नावाचा डेटाबेस उभा केला. त्याचा खर्च वकिलांच्या वार्षिक शुल्कातून निघतो आणि तो वकील, विद्यार्थी, शेतकरी, पत्रकार सगळ्यांना मोफत आहे. एखादा निकाल पुढे कुठे वापरला गेला, तेही त्यात दिसतं. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलनं संपूर्ण डेटाबेस उभा करावा असं मी आज म्हणत नाही. पण सनद घेणाऱ्या प्रत्येकाला पहिली दोन वर्षं, म्हणजे बार परीक्षेच्या मुदतीपर्यंत तरी, एखाद्या डेटाबेसचं खातं कौन्सिलनं घाऊक कराराने मिळवून द्यावं. हजारोंच्या संख्येनं दरवर्षी नवे वकील येतात. इतकं मोठं गिऱ्हाईक कुठलीही कंपनी परत पाठवणार नाही.

आणि आपली वाचनालयं. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. २००५ आणि २०२१ या दोन्ही पुरांत त्यात पाणी शिरलं, ग्रंथ भिजले, आणि दोन्ही वेळा गावानं ते पुन्हा उभं केलं. २२ जुलै २०२१ च्या त्या पुरात चिपळुणातल्या वकिलांची कपाटंही वाचली नाहीत. चिखलात फुगलेले खंड रस्त्याकडेला टाकताना मी पाहिले आहेत. डेटाबेस पुरात भिजत नाही. अशा प्रत्येक वाचनालयात एका टेबलावर एक संगणक, त्यावर एक सार्वजनिक वर्गणी, आणि मे महिन्यात संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं दार. खर्च फार नाही. जिल्हा नियोजनाच्या निधीतून याहून मोठ्या रकमा याहून कमी उपयोगाच्या कामांवर जाताना आपण बघतो. भारतरत्न पांडुरंग वामन काणे चिपळूणजवळच्या परशुराम-पेढ्याच्या परिसरातले. धर्मशास्त्राच्या इतिहासाचं काम त्यांनी मुंबईत राहून केलं, कारण ग्रंथ आणि हायकोर्ट दोन्ही तिथं. आज त्या कारणासाठी कुणाला गाव सोडावं लागू नये.

हे सगळं व्हायला वेळ लागेल. पण एक गोष्ट लगेच होण्यासारखी आहे, आणि तिला सरकार नको, बार कौन्सिल नको. कॉलेज आणि डेटाबेस कंपनी यांच्यात दरवर्षी नूतनीकरणाचा करार होतो. बहुतेक ठिकाणी तो प्राचार्यांच्या टेबलावर येतो, वर्गणीची रक्कम बघितली जाते आणि सही होते. त्या करारात दोन ओळी घालून घ्यायच्या. पहिली, विद्यार्थ्याचं खातं सुट्टीतही आणि कॅम्पसबाहेरही बाराही महिने चालेल. दुसरी, शेवटच्या वर्षाचा निकाल लागल्यापासून चोवीस महिने ते खातं मर्यादित तासांसाठी चालू राहील. कंपनी पहिल्या ओळीला सहसा नाही म्हणणार नाही, कारण संगणकीयदृष्ट्या तिला काही फरक पडत नाही. दुसऱ्या ओळीवर घासाघीस होईल. चोवीसचे बारा होतील. बारा तर बारा.

गुहागरच्या त्या मुलीच्या कॉलेजला मी असं पत्र लिहिलं आहे. सोबत तिनं चार दिवस खपून काढलेल्या निकालांची यादी जोडली आहे, शेजारी प्रत्येक निकाल शोधायला किती वेळ लागला ते तिच्याच हस्ताक्षरात. ती आता पाचव्या वर्षाला आहे. करार नव्यानं सहीला येईल तेव्हा तिची परीक्षा जवळ आलेली असेल, आणि त्यानंतरच्या मे महिन्यात ती विद्यार्थिनी म्हणून नव्हे, सनदेचा अर्ज हातात घेऊन माझ्या ऑफिसात येणार आहे.